पवनचक्कीचे पाते : बाहेरून वाऱ्याचे गणित, आतून थरांचा हुन्नर

धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याच्या बाजूला अलीकडे एक दृश्य नेहमीचे झाले आहे. लांबच लांब ट्रेलर, त्यावर पांढरेशुभ्र पाते, पुढेमागे इशारा देणाऱ्या गाड्या आणि वळण आले की दोन्हीकडे खोळंबलेली वाहने. चहाच्या टपरीवरची मंडळी बाहेर येऊन पाहतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "हे लोखंडाचे आहे की प्लास्टिकचे?"

बीड जिल्ह्यात पवनचक्कीची चर्चा झाली ती बहुधा दुसऱ्याच कारणांनी. जमिनीचा मोबदला, रस्ते, ठेकेदारी हे विषय होतेच. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि तपासात हे प्रकरण पवनचक्की प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीशी जोडले गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष इकडे वळले. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. ही यंत्रे आपल्या डोंगरावर वीस-पंचवीस वर्षे उभी राहणार आहेत. त्यांची निगा राखण्याचे, दुरुस्तीचे आणि शेवटी ती उतरवण्याचे काम कुणाला तरी करावेच लागेल. ते काम आपल्या कारागिराच्या हाती यावे असे वाटत असेल, तर आधी ते पाते काय आहे हे समजले पाहिजे.

टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात असे : ते लोखंडाचे नाही, नुसत्या प्लास्टिकचेही नाही. ते काचेच्या धाग्याचे कापड आणि रेझिन यांच्या थरांवर थर देऊन साच्यात घडवलेले आहे. फायबरचे दरवाजे आणि पाण्याच्या टाक्या बनवणारा आपला कारागीर ज्या कुळातला, त्याच कुळातले हे काम आहे. फरक आहे तो हिशोबाचा आणि शिस्तीचा.

वाऱ्याचा हिशोब

व्यापारी माणसाला आधी जमाखर्च लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. वाऱ्यातून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर ठरते. पहिली वाऱ्याचा वेग. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ५ मीटर वाऱ्याऐवजी ६ मीटर वारा मिळाला, तर शक्ती सुमारे ७३ टक्के वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे पाती फिरून जेवढे वर्तुळ व्यापतात त्याचे क्षेत्रफळ. पात्याची लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते.

बीडकडे पवनचक्क्या उशिरा का आल्या, याचे उत्तर येथेच आहे. सुझलॉन कंपनीच्या सुरुवातीच्या काळातील ३५० किलोवॅट यंत्राच्या चक्राचा व्यास सुमारे ३३ मीटर होता. ते चक्र वाऱ्याचे जेवढे शेत कापी, ते साधारण साडेआठ गुंठ्यांचे. आज त्याच कंपनीच्या १४४ मीटर व्यासाच्या यंत्राचे चक्र चार एकर व्यापते. म्हणजे एकोणीस पट. पूर्वी साताऱ्यातील वनकुसवडे पठारासारखी जोरदार वाऱ्याची जागाच परवडत असे. पाती लांब झाली, मनोरे उंच झाले आणि बालाघाटाच्या डोंगरावरचा मध्यम वाराही हिशोबात बसू लागला. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जमिनीपासून १२० मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे ९८ हजार मेगावॅट, तर १५० मीटर उंचीवर सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॅट आहे. भूमी तीच, वारा तोच. फक्त हात उंच गेला.

मात्र वाऱ्यातील सगळी शक्ती काढून घेता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले, की कोणतीही पवनचक्की वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती घेऊ शकत नाही. कारण सोपे आहे. दुकानात आलेले गिऱ्हाईक बाहेर पडलेच नाही, तर नवे गिऱ्हाईक आत येणार कुठून? सगळी शक्ती काढून हवा थांबवली, तर मागची हवा चक्रात येणारच नाही. म्हणून काही वेग हवेजवळ शिल्लक ठेवावाच लागतो.

धक्का आणि उचल

वाऱ्याकडून काम करून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी, धक्क्याची. इराण व अफगाणिस्तानच्या सीमेवरील सिस्तान भागात वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्या असल्याची नोंद दहाव्या शतकातील मुस्लिम भूगोलकारांनी करून ठेवली आहे. इराणच्या खोरासानातील नश्तिफान गावी त्या घडणीच्या लाकडी चक्क्या अजून उभ्या आहेत. त्यांच्या उभ्या फळ्यांवर वारा आदळतो आणि त्या मागे ढकलल्या जातात. दळणाला हे पुरेसे होते. पण या रीतीत फळी वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने पळू शकत नाही, कारण ढकलणाऱ्याच्या पुढे ढकललेली वस्तू किती जाणार?

दुसरी रीत उचलीची. पतंग उडवणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. पतंग वाऱ्यासमोर तिरपा धरला की तो वाऱ्याच्या दिशेने वाहून जात नाही, वर चढतो. तिरपा पृष्ठभाग हवेला एका बाजूला वळवतो आणि हवा त्याला उलट बाजूला ढकलते. पात्याचा आडवा छेद घेतला, तर तो माशासारखा दिसतो : पुढची कड गोलाकार, मागची कड निमुळती, एक बाजू जास्त फुगीर. फुगीर बाजूला हवेचा दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूला तो जास्त राहतो. या फरकामुळे पाते वाऱ्याच्या दिशेला जवळपास काटकोनात ओढले जाते. तीच ही उचल. या रीतीने पात्याचे टोक वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने धावते. १४४ मीटरचे चक्र मिनिटाला दहा फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला ७५ मीटर होतो. ताशी २७० किलोमीटर! खालून पाहणाऱ्याला मात्र ते सावकाश फिरताना दिसते.

याच कारणाने पाती तीनच पुरतात आणि तीही निमुळती. पाण्याच्या पंपाला जोडलेल्या जुन्या पवनचक्कीला बरीच रुंद पाती असत, कारण तिला सावकाश पण जोराने फिरायचे असे. वीज करायची तर वेग हवा. वेगात फिरणाऱ्या चक्राला जादा पाती लावली, की वजन आणि खर्च वाढतो, वीज त्या मानाने वाढत नाही.

पात्याला पीळ का असतो?

जमिनीवर ठेवलेले पाते बुंध्याकडून टोकाकडे पाहा. ते सरळ नसते, त्याला पीळ दिलेला असतो. याचे कारण मोटारसायकलवर समजते. गाडी उभी असताना बाजूने येणारा वारा कानाला लागतो. गाडी वेगात गेली की तोच वारा समोरून आल्यासारखा वाटतो. पात्याचेही असेच आहे. बुंध्याजवळचा भाग सेकंदाला दोन-तीन मीटरच सरकतो, म्हणून त्याला वारा बाजूने लागतो. टोक ७५ मीटरने धावते, म्हणून त्याला वारा जवळजवळ समोरून येतो. प्रत्येक ठिकाणी वाऱ्याशी योग्य कोन राहावा म्हणून बुंध्याकडे पाते जास्त वळवलेले आणि टोकाकडे जवळपास सपाट ठेवतात.

कोन जास्त झाला तर फुगीर बाजूवरची हवा पृष्ठभाग सोडून देते, भोवरे होतात आणि उचल पडते. पतंग जास्त तिरपा झाला की गोता खातो, तसेच. यासाठी संपूर्ण पाते स्वतःच्या अक्षाभोवती फिरवण्याची सोय बुंध्याशी असते. वारा फार वाढला की यंत्र पात्याचा कोन बदलून जादा वारा सोडून देते. वादळात तर पात्याची कड वाऱ्याकडे करून ते चक्र थांबवले जाते.

आणखी एक गोष्ट कारागिराने लक्षात ठेवावी. पात्याच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागाच्या वाट्याला व्यापलेल्या क्षेत्राचा ५६ टक्के भाग येतो. म्हणजे खरी कमाई टोकाकडची आहे. तिथल्या पुढच्या कडेवर धूळ, किडे साचले किंवा पावसाच्या थेंबांनी ती खरवडली गेली, तर विजेचे उत्पन्न घटते. ताशी २७० किलोमीटर वेगाने पावसाचा थेंब आदळणे म्हणजे खडीचा मारच.

हवेला पातळ हवे, बळाला जाड

आता खरी ओढाताण सुरू होते. हवेचे गणित सांगते, पाते पातळ आणि निमुळते करा. मजबुतीचे गणित सांगते, जाड करा. सुतार हे जाणतो. फळी आडवी टाकून तिच्यावर उभे राहिले की ती वाकते, तीच फळी उभ्या कडेवर ठेवली तर वाकत नाही. गर्डरचे वरचे आणि खालचे पट्टे एकमेकांपासून दुप्पट अंतरावर नेले, तर त्याचा ताठपणा सुमारे चौपट होतो.

म्हणून दोघांत तडजोड केली जाते. बुंध्याशी पाते चक्क नळकांड्यासारखे गोल असते. तिथे सगळा भार येतो आणि बोल्टने ते यंत्राला जोडायचे असते, वीज तिथे तशीही थोडीच मिळते. नंतर ते रुंद आणि चपटे होत जाते आणि टोकाला पातळ. आत मात्र पोकळ असते. पोकळीत, पात्याच्या लांबीभर, एक गर्डर दडवलेला असतो. दोन्ही कवचांत जाड पट्टे बसवलेले असतात आणि त्यांना जोडणारी उभी भिंत मध्ये असते. वाऱ्याचा दाब आला की एक पट्टा ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि मधली भिंत दोघांना अंतरावर धरून ठेवते. बाहेरचे गुळगुळीत कवच हे मुख्यतः हवेसाठी. भार वाहतो तो आतला गर्डर. इमारतीत भिंत दिसते पण भार खांब-तुळई घेतात, तसेच.

वजनाचाही पेच आहे. त्याच आकाराचे पाते दुप्पट लांब केले, तर मिळकत चौपट होते पण वजन आठपट होते. व्यापारी भाषेत बोलायचे तर माल चौपट आणि हमाली आठपट. नुसते मोठे करत गेलो तर धंदा बुडणार. म्हणून प्रत्येक लांबीला नवा आराखडा आणि हलका, ताठ माल शोधावा लागतो.

ताणा, बाणा आणि रेझिन

लोखंड का नाही? ते काचेच्या थरांच्या मालापेक्षा सुमारे चौपट जड आहे आणि सतत वाकवले तर थकते. अमेरिकेत व्हर्मॉन्ट राज्यात १९४१ साली स्टीलच्या पात्यांची सव्वा मेगावॅटची पवनचक्की उभारली गेली होती. १९४५ मध्ये तिचे एक पाते तुटून पडले आणि तो प्रयोग संपला.

काचेचा धागा ओढीला फार बळकट असतो, पण एकटा असला तर लोळतो. रेझिन धाग्यांना जागेवर धरते, एका धाग्याचा भार दुसऱ्याकडे पोचवते. मोमीन बांधवांना हे विणकरीच्या भाषेत सांगता येईल. लुंगीच्या कापडात ताणा आणि बाणा दोन्ही भरलेले असतात. पात्याच्या गर्डर पट्ट्यासाठी जे कापड वापरतात त्यात जवळपास सगळा ताणाच असतो, बाणा फक्त धरून ठेवण्यापुरता. कारण ओढ पात्याच्या लांबीच्या दिशेने असते. मधल्या भिंतीवर आणि कवचावर मात्र पिळाचा भार येतो, म्हणून तिथे तिरपे, ४५ अंशांचे धागे घालतात. धागा भाराच्या दिशेत असेल तरच कामाचा. तो थोडा तिरपा झाला किंवा कापडाला सुरकुती पडली, तर बळ झपाट्याने घटते. लोखंडाचा पत्रा कुठूनही कापा, सारखाच. या मालात दिशा चुकली की मालच बदलला.

काचेचा एक दोष असा की ती बळकट असली तरी लोखंडाइतकी ताठ नाही. म्हणून जोराच्या वाऱ्यात लांब पात्याचे टोक कित्येक मीटर मागे वाकते आणि मनोऱ्यावर आदळण्याचा धोका असतो. त्यासाठी पाते साच्यातच किंचित पुढे वाकवून घडवतात. वारा आला की ते सरळ होते. फार लांब पात्यांच्या पट्ट्यात कार्बनचे धागे घालतात. कार्बन काचेपेक्षा सुमारे तिप्पट ताठ, पण किमतीला कितीतरी पट महाग.

कवचाच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड किंवा फोम भरतात, त्यामुळे वजन न वाढता कवच ताठ राहते. हे लाकूड प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर देशातून येते.

साच्यातून पाते कसे निघते?

पात्याच्या दोन शिंपल्यांसाठी दोन साचे असतात. साच्यावर आधी माल सुटून येण्यासाठी लेप, मग बाहेरचा गुळगुळीत थर, मग ठरलेल्या क्रमाने कोरडे काचेचे कापड, गर्डर पट्टे, बाल्सा आणि पुन्हा कापड. हे कापड आजही माणसेच हाताने पसरतात आणि सुरकुत्या काढतात. त्यावर प्लास्टिकची चादर हवाबंद चिकटवून आतली हवा पंपाने खेचून घेतात. मग पातळ रेझिन आत सोडले जाते. निर्वात पोकळी त्याला धाग्याधाग्यापर्यंत ओढून नेते. साचा गरम करून ते पक्के होऊ देतात. शेवटी मधली भिंत बसवून दोन्ही शिंपले चिकट लगद्याने जोडतात.

आपल्याकडे ब्रशने रेझिन मारून मॅट दाबण्याची जी रीत आहे, तिच्यात हवेचे बुडबुडे राहतात. टाकीला ते चालून जाते, पात्याला नाही. बुडबुडा, कोरडा राहिलेला धागा, कमी पडलेला लगदा यांतले काहीही वरच्या पांढऱ्या रंगाखाली दिसत नाही. ते दिसते काही वर्षांनी.

दहा कोटी हेलकावे

पात्यावर दोन प्रकारचा भार येतो. वारा त्याला मागे वाकवतो, आणि त्याचे स्वतःचे वजन प्रत्येक फेरीत त्याला एकदा या कडेने आणि एकदा त्या कडेने खेचते. पाते वर जाताना एका कडेवर ताण, खाली येताना दुसऱ्या. मिनिटाला दहा फेरे धरले तर दिवसाला १४ हजार ४००, वर्षाला सुमारे ५२ लाख आणि वीस वर्षांत दहा कोटींहून अधिक हेलकावे होतात. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण वाकवत राहिले की तुटते. पाते मोडते ते बहुधा एका वादळाने नव्हे, तर लहान दोष रोज थोडाथोडा वाढल्याने. म्हणूनच नव्या नमुन्याचे एक पूर्ण पाते चाचणीच्या मंचावर बांधून लाखो वेळा हलवून पाहतात आणि मगच तो नमुना बाजारात आणतात.

याची किंमत किती मोठी असते हे आपल्या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सुझलॉनने अनुभवले आहे. कंपनीने अमेरिकेत विकलेल्या एस-८८ नमुन्याच्या काही यंत्रांच्या पात्यांना तडे गेले. २००८ मध्ये कंपनीला ४१७ यंत्रांची मिळून १,२५१ पाती मजबूत करून देण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात एका यंत्राचे पाते तुटून शेतात पडले. माल विकून झाल्यावर, सात समुद्रांपलीकडे, एकेका पात्यापर्यंत जाऊन काम पुन्हा करावे लागले. बाजारातील नावाला जो धक्का बसला तो वेगळाच. कंपनी त्यातून सावरून आजही उभी आहे, पण धडा सर्वांसाठी आहे.

फर्निचरच्या कारखान्यातून जगाच्या बाजारात

हे सारे मोठ्या इंजिनिअरांचे काम, आपल्याला त्यात काय, असे कुणी म्हणेल. त्याने पुढील उदाहरणे पाहावीत. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकात ख्रिस्तियान रीसेगर नावाच्या सुताराने घराच्या आवारात पवनचक्की बनवली आणि वीज सरकारी तारांना जोडून दाखवली. त्याच देशात लुंडर्स्कोव गावचा एक फर्निचरचा कारखाना लाकडाकडून फायबरच्या होड्यांकडे आणि १९७८ मध्ये पवनचक्कीच्या पात्यांकडे वळला. पुढे तो एलएम नावाने जगातील सर्वांत मोठ्या पाते-उत्पादकांपैकी एक झाला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने तो विकत घेतला. सुझलॉनचे संस्थापक तुलसी तांती हे मूळचे गुजरातेतील कापड-धाग्याच्या धंद्यातले. कारखान्याचे वीजबिल परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये त्याच व्यवसायात उतरले. सुतार, फर्निचरवाला आणि धाग्याचा व्यापारी! हुन्नर हातात होता, त्याला हिशोबाची जोड मिळाली.

बीडही हुन्नरासाठी अनोळखी नाही. येथील चामड्याच्या छागली आणि गुप्त्या एकेकाळी नावाजलेल्या होत्या. काळ बदलला, गिऱ्हाईक गेले, तो हुन्नर ओसरला. त्यातून शिकायचे ते एवढेच, की हात तोच ठेवून माल बदलावा लागतो.

आपल्या कारागिरांनी काय करावे?

पाते घडवण्याचा कारखाना काढणे हे आपल्या आवाक्यातले आजचे काम नाही. पण तपासणी व दुरुस्तीला माणसे लागतात आणि ती दोरावर लटकून काम करणारी, शिकलेली माणसे लागतात. या कामासाठी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनच्या मान्यतेचे सुरक्षिततेचे व पाते-दुरुस्तीचे अभ्यासक्रम आहेत. प्लास्टिक व फायबरच्या मालाचे शिक्षण छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील सिपेट या केंद्रीय संस्थेत मिळू शकते. दहावी-बारावी झालेल्या, फायबर किंवा वेल्डिंगच्या कामात असलेल्या मुलांना पालकांनी तेथे चौकशीला जरूर पाठवावे. नुसत्या ओळखीवर मिळालेले राखणदारीचे काम ठेका संपला की संपते. प्रमाणपत्र आणि हातचे काम मात्र कोणत्याही जिल्ह्यात बरोबर येते.

फायबरचे काम येणाऱ्यांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात :

१) पंक्चर काढणारा ट्यूब घासल्याशिवाय सोल्युशन लावत नाही. येथेही तेच, पण जास्त काटेकोर. खराब भाग घासून थराथराचा लांब उतार करावा लागतो. १ मिलिमीटर जाडीला साधारण ५० मिलिमीटर, आणि गर्डर पट्ट्यावर त्याहून जास्त. खड्डा करून वर ठिगळ मारले, तर ते कडेने सुटते.

२) जो थर काढला त्याच कापडाचा, त्याच दिशेचा थर परत घालावा. जास्त थर म्हणजे जास्त मजबुती असे नाही. टोकाकडे वजन वाढले की तीन पात्यांचा तोल बिघडतो.

३) आपल्याकडे बहुतेक काम पॉलिएस्टर रेझिनचे. पाती बहुधा इपॉक्सीची असतात. इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. शिवाय पॉलिएस्टरमध्ये हार्डनर जास्त घातला की काम लवकर सुकते, या सवयीने इपॉक्सीत हात सैल सोडू नये. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण ठरलेले असते. ते काट्यावर तोलूनच घ्यावे. प्रमाण चुकले तर माल कायमचा कच्चा राहतो.

४) टोकाशी वीज पकडणारे धातूचे बटण आणि आतून जाणारी जाड तार असते. ती तोडू किंवा झाकू नये. वाट बंद झाली, तर पडलेली वीज थरांतून जाते, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पाते फुटते. टोकाजवळचे पाणी निघायचे भोकही बुजवू नये.

५) काचेची धूळ फुप्फुसाला आणि इपॉक्सी कातडीला घातक आहे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. योग्य मास्क, हातमोजे आणि चष्मा लागतो. पॉलिएस्टर काम करणाऱ्यांनी कोबाल्ट आणि हार्डनर (एमईकेपी) कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होतो.

भंगाराच्या व्यापाऱ्यांसाठीही दोन शब्द. राज्यातील जुन्या पवनचक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे आणि त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने जाहीर केले आहे. मनोऱ्याचे पोलाद आणि तारांचे तांबे यांचा भाव सर्वांना ठाऊक आहे. पाते मात्र लोखंडासारखे वितळत नाही. एकदा घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा पातळ होत नाही. सौद्यात पाती फुकट मिळाली म्हणून खुश होऊ नये. ती कापण्याचा, वाहण्याचा आणि मार्गी लावण्याचा खर्च आपल्याच माथी येतो. उघड्यावर जाळली तर विषारी धूर होतो आणि कारवाईही होते. युरोपात ती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत वापरतात. जळणारा भाग इंधन होतो आणि काच सिमेंटमध्ये जाते. असा मार्ग आधी निश्चित करावा, मगच भाव बोलावा.

शेवटी एकच सांगायचे. लोखंडी दरवाजाची वेल्डिंग कच्ची असेल तर गिऱ्हाईकाला दिसते. पात्याच्या आतला कच्चा थर कुणालाही दिसत नाही. तो फक्त घालणाऱ्याला माहीत असतो. अशा कामात कारागिराचे नाव हीच मालाची हमी. डोंगरावरची ती पाती येणारी वीस वर्षे फिरत राहतील. त्यांच्याखाली आपली मुले केवळ राखणदार म्हणून बसणार, की दोर बांधून वर चढून उस्ताद म्हणून उतरणार, हे आज आपण काय शिकतो आणि किती चोख करतो यावर ठरेल.